सोनवणे मावशींची चौतीस मिनिटं

सोनवणे मावशींची आणि माझी ओळख सडलेल्या चिकनमुळे झाली.

आम्ही अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या टाउनहाउसमध्ये राहायला आलो आणि त्याच उन्हाळ्यात दहा दिवस फिरायला गेलो. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक. दारात एक ठेंगणी, सावळी बाई उभी. पिकलेले केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले, अंगात पुरुषी चौकड्यांचा शर्ट, पायात रबरी बूट.

"मराठी ना? गाडीवर गणपती पाहिला. मी शेजारची, सोनवणे. तुमच्या गराजमधला फ्रीज बंद पडलाय."

"नाही हो, चालू आहे," माझा नवरा उमेश म्हणाला.

"बंद आहे. बाहेरपर्यंत वास येतोय. आत चिकन आहे. पाचेक दिवस झाले असतील."

उमेशनं गराज उघडलं, फ्रीजचं दार उघडलं आणि तोंडावर हात धरून तो आत पळाला. मी जिन्यातच थांबले. मावशींनी खिशातून रबरी हातमोजे काढले, ती पिशवी उचलली, तिच्यावर दुसरी, तिसरी पिशवी चढवली, तळाशी साचलेलं पाणी कागदानं टिपलं आणि माझ्याकडे व्हिनेगर मागितलं. अर्ध्या तासात फ्रीज लख्ख. जाताना म्हणाल्या, "वास मारतो त्यात त्या कोंबडीची चूक नाही बरं का."

मला त्या वेळी त्या बाईचा राग आला होता. लाज वाटली की आपल्याला आधी राग येतो.

मराठी मंडळात लोक त्यांची ओळख करून देताना म्हणायचे, "मावशी फूड सेफ्टीमध्ये होत्या." मावशी लगेच दुरुस्त करायच्या. "कत्तलखान्यात होते." समोरचा हसायचा आणि त्याला अचानक कुणीतरी ओळखीचं दिसायचं.

त्यांचे वडील धुळ्याजवळ गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांच्या हाताखाली बघत बघत ही मुलगी गुरांची डॉक्टर झाली. वर्गात एकटी मुलगी. लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर इथल्या परीक्षा पुन्हा द्यायला वेळ नव्हता, म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या एका कत्तलखान्यात सरकारी मांस-तपासनीस म्हणून लागल्या. आपल्याकडून आलेल्या कितीतरी गुरांच्या डॉक्टरांनी इथे हेच केलं, पण घरी पत्रात तसं कुणी लिहिलं नाही. मावशींनी लिहिलं. त्यानंतर दोन वर्षं सासरहून उत्तर आलं नाही.

पंचवीस वर्षं त्या पट्ट्यासमोर उभ्या राहिल्या. डोक्यावरून टांगलेली जनावरं सरकत जायची आणि यांनी जीभ, फुप्फुस, काळीज चाचपून सांगायचं: चालेल की नाही. नाही म्हटलं की पट्टा थांबायचा. पट्टा थांबला की वरून माणूस धावत यायचा. एकदा त्यांनी एकाच सकाळी तीनदा पट्टा थांबवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाटातले बूट डुकराच्या रक्तानं काठोकाठ भरलेले होते. सगळे बघत उभे. मावशींनी बूट मोरीत उलटे केले, नळाखाली धुतले आणि ओलेच पायात घालून पट्ट्याशी गेल्या.

"किळस नाही आली?" मी विचारलं.

"रक्ताची कसली किळस? मला त्या उभ्या राहिलेल्या माणसांची आली."

रक्त, शेण, पू यांना त्या कधीच घाण म्हणत नसत. हा शब्द त्यांनी कागदांसाठी राखून ठेवला होता. टाउनहाउसच्या असोसिएशनचं गोडगोड पत्र आलं की चिमटीत धरून म्हणायच्या, "ही बघ घाण."

त्या शाकाहारी नव्हत्या, हे सांगायला हवं, कारण सगळ्यांना तसंच वाटायचं. रविवारी त्यांच्या घरातून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा आणि मटणाचा वास यायचा आणि उमेश काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडे जायचा. खाताना त्या बोलत नसत. कुणी ताटात तुकडा टाकला तर तो उचलून स्वतः खायच्या.

निवृत्त झाल्यावर, नवरा गेल्यानंतर, त्यांना एक निरीक्षकाचं काम मिळालं. देवमाशांची शिकार अजून काही देश करतात. ती नियमानं होते का, हे बघायला दुसऱ्या देशांतली माणसं बोटीवर पाठवायची, अशी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था. अमेरिकेकडून गुरांचे डॉक्टर हवे होते, मरण बघून डगमगणार नाहीत असे. मावशींनी अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, तुम्ही आजपर्यंत किती जनावरं मरताना पाहिलीत? मावशी म्हणाल्या, रोजची सांगू की एकूण?

चार उन्हाळे त्या उत्तर अटलांटिकमध्ये गेल्या. देश कोणता ते लिहीत नाही. त्या म्हणायच्या, कुठल्याही देशाची माणसं कंटाळली की सारखीच दिसतात.

काम काय, तर घड्याळ धरून उभं राहायचं. बोटीच्या टोकावरच्या तोफेतून भाला सुटतो, त्याच्या टोकाला स्फोटक असतं. ते शरीरात शिरून फुटलं की देवमासा ताबडतोब मरतो, असं कागदावर. भाला लागला की घड्याळ सुरू करायचं. जबडा सैल पडला, पर हलायचे थांबले आणि धड न हलता बुडायला लागलं, की बंद करायचं. आकडा फॉर्ममध्ये भरायचा. मग किनाऱ्यावर ते धड उतरवलं की नर की मादी, पोटात पिल्लू होतं का, अंगावर दूध होतं का, ते बघायचं.

पहिल्या उन्हाळ्यानंतर त्या आल्या तेव्हा आठवडाभर केसांना शिकेकाई लावत होत्या. तेलाचा वास जात नव्हता. बॅग त्यांनी घरात घेतलीच नाही, तशीच कचऱ्यात टाकली. मी विचारलं, कसं होतं? "मोठं जनावर आहे," एवढंच म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "फार मोठं आहे गं. मरायला जागा लागते त्याला."

तिसऱ्या वर्षी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांचं भाषण ठेवलं. शाळेचा कॅफेटेरिया, काळ्या साड्या, मागच्या टेबलांवर बासुंदी-पुरी. सेक्रेटरीनं आधीच सांगितलं होतं, "मावशी, थोडं इन्स्पायरिंग ठेवा हं. पंधरा मिनिटं." मावशी पाच मिनिटं बोलल्या. घड्याळ कसं धरायचं ते सांगितलं, मागच्या उन्हाळ्यातले आकडे वाचून दाखवले आणि थांबल्या.

पहिला हात वर आला तो एका आयटीवाल्याचा. "मावशी, टेस्ट कशी असते हो? तिकडे खाल्लंत का?" हशा पिकला.

"बिफासारखी," मावशी म्हणाल्या. "शिळ्या."

मग पुढच्या रांगेतले एक डॉक्टर काका उठले. इथे चाळीस वर्षं झालेले, मोठे सर्जन, मंडळाचे आधारस्तंभ. त्यांनी माइक मागून घेतला. "आपण भाग्यवान, की आपल्या संस्कृतीत हे क्रौर्य नाही. आमच्या घरात तर अंडंसुद्धा येत नाही. सोनवणे बाईंना या लोकांमध्ये कसं राहवतं, मला तर ऐकूनच किळस आली."

टाळ्या पडल्या. मावशी टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"काका, मागे बासुंदी आहे ना? त्या दुधाची गाय आटली की कुठे जाते, ठाऊक आहे? माझ्याकडे यायची. पंचवीस वर्षं येत होत्या. आचळं सुजून पिकलेली, खूर वाढून वाकडे झालेले, काहींना चालता यायचं नाही, काट्यानं टोचून आणायचे. मी त्यांच्या काळजाला हात लावायचे, अजून गरम असायचं. तुमच्या घरात अंडं येत नाही, चांगलं आहे. पण किळस मला सांगू नका. ती तुमच्या वाटणीची मी करून ठेवली आहे."

मग सेक्रेटरीनं धावत येऊन माइक घेतला. "खूप छान, खूप वेगळा विषय! चला, जेवण थंड होतंय." लोक उठले. रांगेत मावशींच्या पुढे आणि मागे एकेका माणसाची जागा मोकळी होती. मीही उमेशच्या जवळ उभी होते, त्यांच्याजवळ नव्हे. त्यांनी बासुंदी घेतली, दोन वाट्या, आणि शांतपणे संपवली. डॉक्टर काकांनी त्या दिवशी गोड घेतलं नाही. पुढच्या महिन्यात घेतलं.

चौथ्या उन्हाळ्याहून त्या ठरल्यापेक्षा आधी परतल्या. दोन दिवस घराचे पडदे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन आमच्या दारात.

"शिल्पा, तुझं इंग्लिश चांगलं आहे. मला एक रिपोर्ट लिहायचाय."

मी एका औषध कंपनीत काम करते. नव्या औषधाच्या चाचणीत माणसांना काय काय होतं, त्याची कागदपत्रं लिहिते. त्या भाषेत मी खरंच चांगली आहे.

पुढचे तीन रविवार सकाळी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. झालं होतं ते असं. एका मादीला भाला लागला, पण मागे, पोटापाशी. तोफ पुन्हा भरून दुसरा भाला सोडायला चौदा मिनिटं गेली. दुसराही नीट बसला नाही. मावशींच्या घड्याळात एकूण चौतीस मिनिटं भरली. बोटीच्या नोंदवहीत मात्र लिहिलं होतं, दुसऱ्या भाल्यानं तात्काळ मृत्यू, एकूण चौदा. मुख्य निरीक्षक तिसऱ्याच देशाचे होते, हसतमुख, सगळ्यांना नावानं हाक मारणारे. त्यांनी मावशींना केबिनमध्ये बोलावून कॉफी दिली आणि म्हणाले, डॉक्टर, शुद्ध तर गेलीच असणार ना तिची, मग पुढची वीस मिनिटं धरायची कशाला? किनाऱ्यावर पोट उघडलं तेव्हा आत पूर्ण वाढ झालेलं पिल्लू होतं. मावशींनी स्वतः पाहिलं. फॉर्मवर त्या रकान्यात मुख्य निरीक्षकांनी लिहिलं, निश्चित करता आलं नाही.

"समोर पडलेलं होतं गं," मावशी म्हणाल्या. "या टेबलापेक्षा लांब. त्यावर पाय देऊन एकजण पलीकडे गेला. आणि निश्चित करता आलं नाही."

चित्रीकरणाची एक प्रत प्रत्येक निरीक्षकाला मिळायची. मावशींनी ती लावली आणि मला म्हणाल्या, "तूही वेळ लाव. माझ्यावर विश्वास नको ठेवू."

मी फोनवर घड्याळ सुरू केलं. सुरुवातीला फक्त पाणी होतं, आणि दोर. मग पाणी लाल झालं, आणि मग लालही राहिलं नाही, तपकिरी, फेसाळ. ती वर यायची, श्वास सोडायची आणि तो श्वास रक्ताचा असायचा, कारंज्यासारखा. पण मला सहन झाले नाहीत ते आवाज. तिचे नाही. बोटीवर रेडिओ चालू होता. कुणीतरी गाण्याबरोबर गुणगुणत होतं. कपबशी वाजत होती. विसाव्या मिनिटाच्या आसपास मी उठले आणि बाहेर ड्राइव्हवेवर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा मावशींनी ते थांबवून ठेवलं होतं.

"मी यात नाही दिसत," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्याच्या मागे आहे. बाविसाव्या मिनिटाला खानसामा ट्रे घेऊन आला. वॉफल होते, वर जॅम. त्यानं मला दिला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं." त्या स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. "मी घेतला. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वॉफल. खाल्ला. आणि शिल्पा, चांगला लागला गं तो."

त्या उठल्या, बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ पाणी सोडून उभ्या राहिल्या.

"हेही रिपोर्टमध्ये लिहायचं," त्यांनी पाठमोऱ्यानंच सांगितलं.

"मावशी, याची काय गरज आहे?"

"मी तिथे होते, तर माझंही लिहायचं."

वॉफल रिपोर्टमध्ये राहिला. भांडण झालं ते दुसऱ्याच वाक्यावरून. त्या वीस मिनिटांबद्दल मी लिहिलं होतं, 'रेसिड्युअल मूव्हमेंट वॉज ऑब्झर्व्ह्ड.'

"रेसिड्युअल म्हणजे?"

"म्हणजे, उरलीसुरली हालचाल."

"उरलीसुरली?" त्यांनी चष्मा काढला. "शेपूट आपटून बोटीचा दोर तोडायला निघाली होती ती. पिल्लू पोटात घेऊन. उरलीसुरली?"

"अहो, असं लिहिलं की लोक वाचतात. नाहीतर इमोशनल म्हणून बाजूला टाकतील. मी रोज लिहिते ना, मला माहितेय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुझ्या ऑफिसात माणसं गेली की असंच लिहितेस?"

मी असंच लिहिते. मागच्याच आठवड्यात एका बाईबद्दल लिहिलं होतं. दोन मुलं होती तिला, ते फाइलमध्ये कुठेतरी होतं. माझ्या वाक्यात नव्हतं.

मावशींनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एका बोटानं ते वाक्य एकेक अक्षर पुसलं आणि एका बोटानंच लिहिलं, 'शी वॉज अलाइव्ह.' मग मला म्हणाल्या, "चहा टाकते. तू बस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरात वॉशिंग्टनजवळच्या एका हॉटेलात निरीक्षकांची बैठक होती. मी सुट्टी घेऊन त्यांना ड्राइव्ह करून नेलं. पाहुण्यांना मागे बसू देत होते. गालिचा, पाण्याचे जग, प्रत्येकापुढे पुदिन्याच्या गोळ्या. मावशींना दोन मिनिटं मिळाली. निळी इरकल नेसून, कोटाशिवाय, त्या उभ्या राहिल्या आणि वाचलं. वॉफलसकट वाचलं. त्या वाक्यावर दोघं-तिघं एकमेकांकडे बघून हसले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतली आहे. पुढचा विषय.

नोंद म्हणजे काय घेतली, ते नंतर कळलं. अहवालाच्या शेवटी परिशिष्टात मावशींचं सगळं लिखाण होतं, वर मथळा: 'निरीक्षकाचं वैयक्तिक मत.' मुख्य अहवालात चौदा मिनिटंच होती.

संध्याकाळी जेवण होतं. मी म्हटलं, निघू या. मावशी म्हणाल्या, नाही, मला त्यांना जेवताना बघायचंय. मुख्य निरीक्षक हातात ताट घेऊन आले. ताटात कोलंबी रचलेली. मनापासून हसून त्यांनी हात पुढे केला. "डॉक्टर, मनात काही ठेवू नका. तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे."

मावशींनी त्या हाताकडे पाहिलं. "मी आत्ताच हात धुतलेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

ते हसले, विनोद असेल असं समजून. मग समजलं तेव्हा हसू चेहऱ्यावरून जायला वेळ लागला. त्यांनी हात ताटाखाली नेला आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले. मला शरमल्यासारखं झालं होतं. आम्ही घरी यायला निघालो. मग मावशी अहिराणीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या आणि झोपल्या.

पाचव्या उन्हाळ्याचं बोलावणं आलं नाही. एक आभाराचं पत्र आलं, त्यात नवा नियमही कळवला होता: यापुढे प्रत्येक बोटीवर दोन निरीक्षक वेगवेगळी वेळ लावतील. मी आनंदानं म्हटलं, "मावशी, हे तुमच्यामुळे झालं!"

"हो ना," त्यांनी पत्र चिमटीत धरलं. "आता दोघं मिळून चौदा लिहितील."

त्या हिवाळ्यात मी नोकरी बदलली आणि आम्ही जर्सी सिटीला राहायला गेलो. नवी नोकरीही तशीच आहे. पगार जास्त आहे. फेब्रुवारीत एका सकाळी मावशींचा फोन आला. समुद्रकिनाऱ्यावर देवमासा वाहून आलाय, मेलेला. मला गाडी लांबवर चालवता येत नाही हल्ली, नेशील का?

आम्ही पोचलो तेव्हा वाळूवर शंभरेक माणसं होती. नगरपालिकेनं पिवळी पट्टी लावली होती, तिच्या आत माणसं शिरली होती. एका बापानं मुलीला देवमाशाच्या परावर उभं केलं होतं आणि तो मागे सरकत फोटो घेत होता. मुलीच्या हातात डोनट होता. "स्माइल, हनी, स्माइल!" दुसऱ्या एकानं बुटानं डोळ्याच्या जागी टोचून पाहिलं. कुणीतरी कातडीवर किल्लीनं नाव कोरलं होतं, ताजं.

"खाली उतरव तिला!" मावशी ओरडल्या. मराठीत. वारा होता तरी सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं. भाषा कुणाला कळली नसेल, पण बापानं मुलीला उचलून घेतलं.

मग तपासणीची माणसं आली आणि पोट कापायला सुरुवात झाली. आतला वायू सुटला. तो वास मी इथे लिहू शकत नाही. पाच मिनिटांत किनारा रिकामा झाला. मीही तोंडाला स्कार्फ लावून गाडीत येऊन बसले आणि हीटर लावला.

तपासणीची प्रमुख पस्तिशीची डॉक्टर होती. ती अचानक सुरी टाकून ट्रकमागे गेली आणि गुडघ्यांवर हात ठेवून ओकायला लागली. तिचे सहकारी दुसरीकडे बघू लागले. मावशी तिच्याकडे गेल्या. आई लेकराचं धरते तसं त्यांनी एका हातानं तिचं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं केस मागे घेतले. तिची उलटी थांबल्यावर बाटलीतलं पाणी दिलं. त्या बोलल्या तेव्हा वारा माझ्याकडे वाहत होता, आणि त्यांना हाक मारायला मी काच खाली केली होती.

"पहिल्यांदा?"

"नाही," ती म्हणाली. तिला रडू येत होतं. "दरवेळी होतं. सॉरी."

"सॉरी कशाला? येऊ दे. ज्यांना येत नाही, त्यांची मला भीती वाटते."

एप्रिलमध्ये मावशी गेल्या, झोपेत. मी तेव्हा नागपूरला होते, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. त्यामुळे त्या मला शेवटच्या दिसल्या त्या किनाऱ्यावर, त्याच दिवशी.

त्या डॉक्टरनं तोंड पुसलं आणि मोजायची लांब फीत काढली. एक टोक मावशींच्या हातात दिलं. मावशी ते घेऊन देवमाशाच्या डोक्यापाशी गेल्या आणि वाळूत गुडघे टेकून त्यांनी ते जबड्यापाशी दाबून धरलं. दुसरं टोक घेऊन ती शेपटीकडे चालत गेली, लांब, खूप लांब. वाऱ्यानं फीत फडफडत होती. शेपटीकडून तिनं ओरडून आकडा सांगितला. मावशींनी मान हलवली आणि तितक्याच मोठ्यानं ओरडल्या, "पुन्हा मोज!"